बाबांचं घुमणारं कार्यालय

कुठल्याही मोठ्या कार्यालयात किंवा सभागृहात शिरले की मी आधी एक टाळी वाजवते. एकच, पण सणसणीत. मग मान वर करून ती कुठे जाते, कशी विरते, ते ऐकत उभी राहते. आजूबाजूच्या बायकांना वाटतं की बाईचं भजन सुरू होणार, म्हणून त्या जरा सरकून बसतात. आमचे हे दुसरीकडे बघत आपण या बाईबरोबर आलेलोच नाही असा चेहरा करतात. पुण्याची नात विचारते, "आजी, तू सगळीकडे डास मारत फिरतेस का?" हसा बापांनो. मला त्या एका टाळीत कळतं की इथलं लग्न ऐकू येणार आहे, की नुसतंच दिसणार आहे. हल्ली लोक फुलांवर, लायटिंगवर, नवरीच्या एंट्रीच्या धुरावर एवढा जीव टाकतात, पण त्या जागेत माणसाचा शब्द माणसापर्यंत पोचतो की नाही, हे कुणी बघत नाही. मला याचा राग येतो. आणि राग यायचा हक्क मला आहे, कारण माझं अख्खं लग्न एका छपरामुळे मोडता मोडता राहिलं.

आमच्या बाबांचं खांबांशी वैर होतं. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं लग्न शिरपूरला झालं, तेव्हा गर्दीत त्यांना जागा मिळाली ती नेमकी एका जाडजूड खांबामागे. बाबा ती कहाणी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "मंगलाष्टकं ऐकली, अक्षता टाकल्या, जेवलो बी. पन नवरीचं तोंड पाह्यलं ते घरी आल्यावर." त्यामुळे मालेगावहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या वावरात मंगल कार्यालय बांधायचं त्यांच्या मनात आलं, तेव्हा अट एकच होती, की आत एकही खांब नको. वाशीमला एका धान्याच्या गोदामाचं छप्पर त्यांनी पाहिलं आणि ते तिथेच हरखले. पुरुषभर उंचीच्या दोन भिंती आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बैलगाडीच्या टपासारखा गोल वाकवलेला पत्रा. मधे काही म्हणजे काही नाही. गोदामातली पोती एकमेकांशी बोलत नसतात, हा मुद्दा मात्र कुणाच्या लक्षात आला नाही. बाबांनी तसंच छप्पर चढवलं, खाली चकचकीत फरशी घातली, खिडक्यांना मोठाल्या काचा लावल्या. मऊ अशी एकही वस्तू त्या जागेत नव्हती, आईचा स्वभाव सोडून.

स्टेजच्या मागे दोन खोल्या काढल्या होत्या, तिथे आम्ही राहायला गेलो. त्या घराचे आवाज माझ्या कानात अजून आहेत. आईच्या हातून स्टीलचं ताट पडलं, तर तिने ते उचलून, धुऊन, पुन्हा मांडणीत लावेपर्यंत ते वाजतच असायचं. हॉलमधे बसून ती तूर पाखडायला लागली, की रस्त्यावरचे लोक आभाळाकडे बघायचे. बाबांना सर्दी झाली की ती सगळ्या घराला झाल्यासारखी वाटायची. एक मांजर आलं होतं, त्याने हॉलच्या मधोमध उभं राहून एकदा 'म्याव' केलं, वरून उत्तर आलेलं ऐकलं, आणि जे पळालं ते पुढच्या ढाब्यावर जाऊन कायमचं राहिलं. बाबा मात्र या सगळ्यावर खूश होते. "एक मानूस बोलला तरी पंचायत भरल्यावानी वाटते," असं ते म्हणायचे. एकदा बोललेलं चारदा ऐकू येतं, हा त्यांना वरकड नफाच वाटत होता.

या नफ्यात भर घातली रशीदभाईंनी. मालेगावच्या बाजारात त्यांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं आणि बाबांचे ते शाळेपासूनचे दोस्त. दोघांनाही हळू बोलता यायचं नाही. कार्यालयाच्या आवाजाचं काम अर्थात त्यांच्याकडेच आलं आणि त्यांच्याकडे कोणत्याही दुखण्यावर औषध एकच, ते म्हणजे भोंगा. पहिल्या दिवशी भोंगे लावून ते माइकवर "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि छपराखाली इतके हॅलो फिरायला लागले की आई खोलीतून विचारायला आली, इतकी माणसं कधी आली म्हणून.

"रशीद, काहीच समजून नाही राह्यलं बे," बाबा ओरडले.

"समजत नाही म्हंजे आवाज कमी पडून राह्यला, भास्कर. और एक भोंगा लगाते!"

तो लावला. मग आणखी कमी समजायला लागलं, म्हणून आणखी एक लावला. सगळे भोंगे वर पत्र्याला लागून, तोंडं पत्र्याकडे, कारण आवाज वरून सगळ्यांवर सारखा पडला पाहिजे, असा रशीदभाईंचा हिशेब. आज मी जाणते की आवाजाला उघड्या पत्र्याकडे पाठवणं म्हणजे चेंडू भिंतीवर मारून शेजाऱ्याला द्यायला सांगणं. पण तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच तो हिशेब पटला होता, कारण तो फार मोठ्याने सांगितला गेला होता.

कार्यालयातलं पहिलं लग्न आमच्याच भाऊबंदातलं होतं. हॉल निम्मा रिकामाच होता. भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हणून 'सावधान' म्हटलं आणि ते 'सावधान' समोरच्या भिंतीवर जाऊन परत आलं, मग पत्र्यावरून उतरलं, मग काचांमधून पुन्हा निघालं. लोकांनी प्रत्येक वेळी अक्षता टाकल्या. पहिलं कडवं संपायच्या आतच पुढच्या रांगांच्या अक्षता संपल्या. दुसरं कडवं भटजींनी सुरू केलं, पण पहिल्याची शेपटी अजून वर फिरत होती, त्यामुळे आपलं चुकलं असं वाटून ते थांबले, थोडे मागे गेले, आणि मग कुठे होतो ते त्यांनाच कळेना. बाहेर बँडवाल्यांनी दारातून गलका ऐकला, लागलं लग्न असं समजून बँड सुरू केला. नवरा-नवरीने घाबरून हार घातले. जेवणं छान झाली, आंबाडीची भाजी तर लोकांनी मागून मागून खाल्ली, पण निघताना एक पाहुणा बाबांना म्हणाला, "भास्करराव, लगन लागलं असंल असं समजून चाललो मी." हे वाक्य पंचक्रोशीत पसरलं. त्यानंतर कार्यालय विचारायला कुणी येईना. बाबा संध्याकाळी एकटेच हॉलमधे खुर्ची टाकून बसायचे. इतका बोलका माणूस, पण तिथे बोलायचे नाहीत, कारण बोललं की जागा किती रिकामी आहे ते ऐकू यायचं. मला त्यांच्याकडे बघून फार वाईट वाटायचं.

शेवटी त्यांनी ठरवलं, की माझा साखरपुडा याच कार्यालयात थाटात करायचा आणि लोकांची तोंडं बंद करायची.

आता मुलाबद्दल सांगते. मुलगा किन्हीराजाचा, घरी शेती, आणि मालेगावला विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. नाव सुरेश. लग्नानंतर मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, पण या प्रकरणापुरते ते सुरेशच राहू देत, आणि 'तो'सुद्धा. मला बघायला ही मंडळी आली तेव्हा मी पोहे घेऊन गेले. त्याने बशीकडे बघितलं आणि जाईपर्यंत तो बशीकडेच बघत राहिला. त्याचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणत असे, तेच बोलत होते. शिक्षण, शेती, पाऊस, मोटारी, सगळं तात्या सांगत होते आणि बोलताना आपल्या भल्या मोठ्या मिशा सारख्या करत होते. मुलाच्या तोंडून हो नाही, की हूं नाही. घरच्यांना स्थळ पसंत पडलं. मी मात्र हबकले. ज्या घरात वाटी पडली तरी तिचा समारंभ होतो, त्या घरातली मुलगी मी. जन्मभर बशीकडे बघणाऱ्या माणसाबरोबर राहायचं या कल्पनेनेच मला रडू यायला लागलं.

"आई, तो बोलतच नाही वो," मी म्हणाले.

"बरं आहे ना मंग. या घरात आहे का एक तरी कमी बोलनारा?"

"मंग मी कोनाशी बोलू जन्मभर? त्याच्या तोंडून माह्याशी एक तरी वाक्य निंगालं पायजे. नाही तर मी अंगठी घालून घेनार नाही. सांगून ठेवते."

"घालशीन नाही तर नको घालू," आई म्हणाली, "पन रोडग्याचं पीठ तेवढं मळून दे."

आईला वाटलं, पोर बोलते आहे, बोलून विसरेल. पण मी तसं मनोमन पक्कं ठरवलं होतं. नाही म्हणायचं धाडस कुठून आणणार होते ते माहीत नव्हतं, पण नाही म्हणणार होते.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळपासून कार्यालयामागे गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायला टाकले होते. वांग्याच्या भाजीचा वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. पाहुणे आल्याबरोबर त्यांना फराळाला कढी, फुणके आणि बुंदी दिली. डाळीचे ते वाफवलेले फुणके आईच्या हातचे इतके हलके व्हायचे की माणूस मोजायचं विसरायचा. तात्या विसरले. मग सगळे हॉलमधे येऊन बसले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बायका एका भिंतीला आणि पुरुष समोरच्या भिंतीला, मधे मोकळी फरशी. तात्या मानाच्या खुर्चीवर, पुरुषांच्या रांगेच्या बरोबर मध्यावर, भिंतीला पाठ लावून. शेजारी सुरेश. आणि त्यांच्या अगदी समोर, बायकांच्या भिंतीला पाठ लावून, माझी शांताआत्या. तिच्या शेजारी मी, नवीन लुगड्यात घामाघूम.

शांताआत्याची ओळख करून दिलीच पाहिजे. बाबांची ही थोरली बहीण मोठ्याने बोलणं हलक्या लोकांचं काम समजायची. तिने आयुष्यात आवाज चढवला नाही. जे काय विष असेल ते ती पदराआडून, कुजबुजून, अगदी गोड चेहऱ्याने सांडायची.

"वो वंदे," ती माझ्या कानाशी पुटपुटली, "तुहा सासरा पाह्य. अर्धी कढी पोटात अन् अर्धी मिशीत."

समोर तात्यांचा हात झटकन मिशीवर गेला.

"आता पुसून राह्यला. डाव्या बाजूची राह्यलीच."

तात्यांनी डावी बाजू पुसली. मी चपापले, पण योगायोग म्हणून सोडून दिलं. हॉल एवढा रुंद की समोरच्याला हाक मारली तरी नीट कळत नव्हती, तिथे आत्याची कुजबुज काय ऐकू जाणार?

"अन् पोरगा पाह्य," आत्या रंगात आली होती, "कसा ठोकल्यावानी बसला. बाप्पा, भास्करच्या कार्यालयात एक खांब नव्हता, तो बी आला."

तात्या ताडकन उठले. "कोन बोलून राह्यलं हे? हिंमत असंल तर समोर या!"

सगळे पुरुष इकडे तिकडे बघायला लागले. तात्यांच्या मागे कोरी भिंत होती. पलीकडच्या पाहुण्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. तात्यांनी वर भोंग्यांकडे बोट केलं. "तुमच्या बायका माइकवर आमची टिंगल करून राह्यल्या!" रशीदभाई आपल्या मशिनीजवळून धावत आले. त्यांच्यावर आळ म्हणजे त्यांच्या सगळ्या भोंग्यांवर आळ. "माइक बंद आहे जी! ये देखो, वायरच काढली मी," असं म्हणत त्यांनी सुटी वायर तात्यांच्या नाकासमोर धरली. तात्या जरा वरमून खाली बसले. आणि त्याच क्षणी माझ्या शेजारी आत्या पुटपुटली, "काय झालं वो म्हाताऱ्याले? चावलं का काही?"

"हे पाहा! पुन्हा!" तात्या ओरडले. रशीदभाईंनी हातातल्या वायरीकडे असं काही बघितलं आणि ती अशी काही फेकली, की ती बाबांच्या फेट्यात अडकली.

मग तात्या रागाने स्वतःशीच काहीतरी बडबडले, आणि ते आमच्याकडे आलं. मीही ऐकलं. अगदी स्पष्ट, कानाशी बसून म्हटल्यासारखं. "भिकारडं घर. बुंदीत एक काजू नाही." शांताआत्याच्या आयुष्यातला तो पहिलाच चढा आवाज असावा. "कोन म्हनते काजू नाही? मी सोता टाकले, या हातानं!" बायका दचकल्या. पुरुषांच्या बाजूला एकच प्रश्न पडला. इतक्या लांबून हिने ऐकलं कसं? एक म्हातारे पाहुणे हळूच बाबांना म्हणाले, "भास्करराव, जागेवर काही आहे बाप्पा. पत्रा चढवाच्या आंधी नारळ फोडला होता का?"

लग्न मोडलं असतं तरी बाबांनी ते एक वेळ सोसलं असतं, पण जागेला नाव ठेवलेलं त्यांना सोसलं नाही. "फोडला होता! रशीदनं आनला होता, मीच फोडला!" ते गरजले, आणि सगळेच स्टेजपुढे जमून भांडायला लागले. ते भांडण काही औरच होतं. एकाने शिवी द्यावी आणि तिची इतकी घुमघुम व्हावी की दुसऱ्याने कानाला हात लावून "काय म्हनलं जी?" विचारावं. मग पहिल्याने पुन्हा सांगावी. दुसऱ्यांदा सांगताना शिवीतला सगळा दम जायचा. तरी तात्या गाड्या काढायला सांगत होते, एवढं हातवाऱ्यांवरून कळत होतं. आई पदर तोंडाला लावून उभी होती. आत्या काजू दाखवायला बुंदीचं पातेलं आणायला गेली होती.

मी तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. समोर पुरुषांच्या रिकाम्या रांगेत, तात्यांच्या खुर्चीवर, सुरेश एकटाच बसला होता. फरशीकडे बघत. मला संताप आला. लग्न मोडतंय, आणि मोडलं तर बरंच, असं मनात येत होतं, आणि तसं येतंय याचं रडूही येत होतं. मी दातओठ खात पुटपुटले, "इथं एवढं होऊन राह्यलं, तरी हा बसूनच."

"उठून काय करू जी?" माझ्या कानात आवाज आला. "जागा लय चांगली सापडली."

मी मागे बघितलं. भिंत. शेजारी बघितलं. कुणी नाही. समोर बघितलं, तर सुरेश खाली मान घालून बसलेला, पण ओठांचा कोपरा हललेला.

"तुमी?"

"मीच. वर पाहू नका, बाकीचे बी पाहतीन. पत्रा गोल आहे ना. तिकडचं बोलनं वर जाते अन् वाकून बरोबर या खुर्चीत उतरते. इथलं तिकडं तसंच. तुमच्या आत्याबाईचं बसल्यापासून सगळं ऐकून राह्यलो मी."

"मंग सांगितलं काहून नाही कोनाले?"

मग अगदी हळू, "मजा येऊन राह्यली होती."

मी फसकन हसले, आणि ते हसू सुटलं ते पत्र्याला जाऊन सगळ्या हॉलभर फिरलं. भांडणारे एकदम गप्प झाले. म्हातारे पाहुणे म्हणाले, "ऐका. हसून राह्यली." दोन-चार जणांनी चपला हुडकायला सुरुवात केली. मी तोंडावर पदर दाबला.

"लोकायसमोर मले बोलताच येत नाही," कानातला आवाज म्हणाला, आणि आता त्यात हसू नव्हतं. "तात्या बोलते, मंग सगळे बोलते, माहा नंबरच येत नाही. तुमी पोहे आनले तवा मले म्हनाचं होतं, का मीठ बरोबर आहे. तेबी नाही जमलं. तुमाले हे लगन पायजे का, आंधी ते सांगा. मले पायजे."

एक तरी वाक्य पाहिजे होतं ना मला? एवढी वाक्यं एकदम आली. आणि इतक्या गलक्यात, ती एकट्या माझ्यासाठी आली होती. मला तो माणूस फार आवडला, हे मी इथे सरळ लिहून टाकते. या वयात लाजायचं कुणाला?

"पायजे," मी म्हणाले.

"मंग आयका. मी तात्याले इथं आनून बसवतो. तुमी त्याईच्या मिशीबद्दल चांगलं बोला. मिशीसाठी ते काही बी करतीन."

तो उठला, गर्दीत शिरला, तात्यांच्या हातात पाण्याचा गडू दिला आणि त्यांना दंडाला धरून खुर्चीकडे घेऊन आला. तात्या धुसफुसत बसले. मी आत्यासारखा पदर तोंडाशी घेतला, आवाज तिच्यासारखा गोड केला आणि सुरुवात केली. "काही म्हना वो माय, पन मानूस रुबाबदार आहे. काय मिशा! अशा मिशा मी वाशीमलेबी नाही पाह्यल्या." तात्यांचा गडू ओठांपाशी थांबला. मला चेव चढला. "आपल्याकडच्याले मिशा आहे का? झाडूचे तुकडे नुसते. तरुनपनी तर काय दिसत असतीन! अन् रागावले तरी कसे शोभते. नाही तर आपल्याकडचे रागावले का माकडावानी दिसते." तात्यांनी एक मिशी हळूच पिळली. मग दुसरी. मग ते खाकरले आणि उठून उभे राहिले.

"भास्करराव," ते म्हणाले, "लहानसहान गोष्टी मनावर घ्याचा माहा सोभाव नाही. अंगठ्या आना."

बुंदीचं पातेलं घेऊन आलेल्या आत्याला कुणी काही विचारलंच नाही. ती बिचारी पुढचे कित्येक दिवस भेटेल त्याला काजू मोजून दाखवत होती. रोडगे थोडे करपले, पण तुपात बुडवल्यावर ते कुणाला कळलं नाही.

लग्न होईपर्यंत छपराचं काहीतरी करणं भाग होतं. सुरेशने बाबांना समजावलं. समजावलं म्हणजे तो दुकानातून येऊन एकेक वाक्य बोलायचा आणि जायचा. पत्रा आवाज पीत नाही, परत फेकतो, त्याला काहीतरी मऊ खायला द्या. भोंगे खाली उतरवा, छोटे डबे भिंतीला माणसाच्या डोक्याच्या वर लावा, तोंडं माणसांकडे करा. "छोटे डबे से क्या होगा? लगन आहे का पोपटाचा पिंजरा?" म्हणून रशीदभाई रुसले, मग स्वतःच डबे लावले, आणि पुढे ही युक्ती आपलीच म्हणून वाशीमपर्यंत सांगत फिरले. घरात सोयाबीनचा रिकामा बारदाना ढिगाने होता. आईने आणि मी पोती उसवून, शिवून, त्यांच्या लांबलचक झालरी केल्या, माणसांनी त्या पत्र्याखाली टांगल्या आणि खालून मांडवाचं रंगीत कापड लावलं. हॉलला महिनाभर पोत्यांचा वास होता, पण टाळी वाजवली की ती टाळीच राहायला लागली. शिवाय लग्नाला कुतूहलाने एवढी माणसं आली की आवाजाला हिंडायला जागाच उरली नाही. भटजींनी 'सावधान' म्हटलं, ते एकदाच ऐकू आलं, आणि आमच्या बाबांना रडू कोसळलं. लोकांना वाटलं की मुलगी चालली म्हणून.

एका गोष्टीचा अर्थ मात्र फक्त मला कळला. झालरी टांगताना एका ठिकाणी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पत्र्याची एक पट्टी उघडीच राहिली होती. बाबा म्हणाले, बारदाना पुरला नसेल. बारदाना भरपूर उरला होता. पुढे कितीतरी वर्षं माहेरच्या प्रत्येक लग्नाकार्यात मी बायकांच्या बाजूला त्याच खुर्चीवर बसत आले आणि आमचे हे समोर. चार लोकांत तोंड न उघडणारा हा माणूस तिथे बसून मला काय काय ऐकवायचा! कुणाच्या फेट्याला मागून किंमतीची चिठ्ठी तशीच आहे, कोण तिसऱ्यांदा जिलबी घेतोय, आणि मी मधूनच हसले की बायका म्हणायच्या, वंदनाला माहेरी आलं की फार आनंद होतो. मामंजींना, म्हणजे तात्यांना, यातलं काही माहीत नाही असं आम्ही समजत होतो. ते अगदी थकले होते तेव्हा एकदा मी त्यांच्या मिशांना तेल लावत होते. ते डोळे मिटूनच म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशी पदर धरला होता तू तोंडावर, पन पदर हालत होता." मी विचारलं, "मंग तुमी बोलले काहून नाही, मामंजी?" तर म्हणाले, "आनखी थोडं बोलशीन असं वाटत होतं."

आता कार्यालय माझा भाऊ बघतो. यंदा त्याने ते नवीन केलं. पत्र्याखाली सपाट पांढरं छत आलं, त्यात बारीक भोकांचे चौकोन, भिंतींना कापड लावलेल्या जाड पाट्या, फरशीवर गालिचा. आवाज बसवायला अकोल्याहून माणसं आली होती. भाच्याच्या लग्नाला आम्ही गेलो, तेव्हा मी शिरल्याबरोबर टाळी वाजवली. ती जागच्या जागी संपली. इतकी चांगली जागा मी आजवर पाहिली नाही. मागच्या रांगेत बसलेल्या माणसालासुद्धा भटजींचा शब्द न् शब्द कळत होता. बाबा हवे होते असं फार वाटलं. सवयीने मी माझ्या जागेवर जाऊन बसले, आमचे हे समोर त्यांच्या. ऐकून बघायला काय जातं, म्हणून मी पुटपुटले, "अहो, ऐकू येतं का?"

काही नाही. वर बघितलं, तर सपाट पांढरं छत. मला एकदम इतकं पोरकं वाटलं, की आपल्याच भावाच्या हौसेचा राग आला. समोर ह्यांचे ओठ हलताना दिसले. काहीतरी सांगत होते, बरंच लांबलचक, मधे हसलेसुद्धा. मला एक अक्षर ऐकू येईना. मी कानाला हात लावून खुणेने विचारलं, तर पुन्हा नुसते ओठ हलले. शेवटी मी उठले. गुडघे धरून, सगळ्या लोकांदेखत, मधली मोकळी जागा ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेले आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले.

"काय म्हनत होते एवढं?"

"काहीच नाही," हे म्हणाले. "नुसते ओठ हालवत होतो."

"कायले?"

"तू उठून येते का, ते पाहून राह्यलो होतो."

आणि शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून त्यांनी मला जागा करून दिली.